पैसे खरे होते, गिऱ्हाईक खोटं निघालं

मावशी, नमस्कार. मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. चार वर्षं झाली, घरून काजूगर, आगळ, आंबापोळी विकते, ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवर. दिवाळीच्या आधी एकाचा फोन आला, ऑफिसच्या स्टाफला गिफ्ट द्यायला ४० किलो काजू पाहिजेत. ९५० रुपये किलोने ३८,००० झाले. "स्टाफमधले लोक आपापले पैसे टाकतील" म्हणून त्याने माझा क्यूआर मागून घेतला. दोन दिवसांत १२ जणांचे २,९९९ प्रमाणे ३५,९८८ आले, उरलेले २,०१२ माल बघून देतो म्हणाला. मी पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकलं, त्याने पनवेलला उतरवून घेतलं आणि फोन बंद. २,०१२ मी सोडून दिले. तीन आठवड्यांनी बघते तर अकाऊंट फ्रीज. बँकेत म्हणाले दोन राज्यांतून दोन तक्रारी आहेत, लोकांनी इन्स्टाग्रामवर साड्या मागवल्या, पैसे माझ्या क्यूआरवर भरले, साडी आलीच नाही. माझ्या खात्यात ६१,४०० अडकलेत, त्यात मुलाची फीसुद्धा आहे. भाऊ मुंबईहून सांगतो चॅट डिलीट कर, सिम मोडून टाक. एकाचा फोन आला, १५,००० दिले तर अकाऊंट उघडून देतो. सासूबाई रोज म्हणतात, "तुका सांगलेलंय ना मी." आणि एक गोष्ट अजून कुणालाच बोलले नाहीये. बारापैकी एका पेमेंटच्या रिमार्कमध्ये "पैठणी हिरवी" असं लिहिलेलं होतं. मी ते तेव्हाच वाचलं होतं. मावशी, मी चोर आहे का हो?

---

अगं, तुझ्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण आधीचं सगळं पत्र तू त्या ओळीपर्यंत पोचायला लिहिलंयस असं मला वाटतं. चोर नाहीयेस तू. फसवणुकीचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८, त्यात मुळात फसवायचा हेतू असावा लागतो आणि तू तर ४० किलो माल स्वतःच्या हाताने भरून, टेप मारून गाडीत टाकलास. फसवणारा माणूस एवढे काजू पॅक करत बसत नाही. पण त्या "पैठणी हिरवी"वर मी परत येणार आहे, ते सोडून दिलं असं समजू नकोस.

आधी हे नेमकं काय झालं ते नीट समजून घे, कारण बँकेत, पोलिसांत, घरात सगळीकडे तुला हे सांगायला लागणार आहे आणि सांगताना तू गडबडलीस की समोरच्याला वाटतं बाई काहीतरी लपवतेय. त्या माणसाने साड्यांचं एक खोटं पेज काढलं. साड्या त्याच्याकडे नव्हत्याच, फोटो कुठूनतरी उचललेले. २,९९९ ला पैठणी म्हटल्यावर दिवाळीच्या तोंडावर बायका तुटून पडल्या असणार. आता पैसे स्वतःच्या अकाऊंटला घेतले असते तर तक्रार झाल्या झाल्या पोलीस त्याच्याच दारात गेले असते. म्हणून त्याने काय केलं, तर दुसरीकडे तुला काजूची ऑर्डर दिली, तुझा क्यूआर घेतला आणि तो त्या साडीवाल्या गिऱ्हाइकांना पाठवला. त्यांनी स्कॅन केलं की स्क्रीनवर तुझं नाव आलं, बँकेत आहे तसं पूर्ण नाव, एका बाईचं, कोकणातलं आडनाव. त्यांना वाटलं बरोबर आहे, साडीवाल्या ताई ह्याच. तुला वाटलं बरोबर आहे, स्टाफवाले पैसे टाकतायत. तू त्याला माल दिलास, त्यांनी तुला पैसे दिले आणि मधल्यामध्ये तो ४० किलो काजू घेऊन पसार. अख्खे काजू म्हणजे रोकडच की गं, सोनं विकताना निदान पावती तरी विचारतात, काजू कुठल्याही मिठाईवाल्याकडे, सुक्या मेव्याच्या दुकानात दोनपाचशे कमी करून रोखीत खपतात. बँकेच्या कागदावर त्या माणसाचं नावच नाही कुठे. कागद बघितला तर बारा जणांचे पैसे निघाले आणि तुझ्याकडे आले, एवढंच दिसतं. पोलिसांच्या भाषेत तू "लेयर वन", म्हणजे गेलेला पैसा जिथे पहिल्यांदा थांबला ते खातं. तुझं अकाऊंट बंद झालं त्याचं कारण एवढंच आहे, कुणी तुला गुन्हेगार ठरवून टाकलंय असं नाही.

आणि तुला संशय का नाही आला म्हणून जो तो विचारत असेल ना, त्यांना माझ्याकडून सांग की कोकणात हे नवीन नाहीये. मी रत्नागिरीत २८ वर्षं बँकेच्या काऊंटरमागे काढली, आंब्याच्या सीझनला हेच बघायचे. डोंबिवलीच्या एका सोसायटीतून एक जण फोन करणार, आठ पेट्या पाठवा, आणि पैसे आठ घरांतून वेगवेगळे येणार. गणपतीला चाकरमानी येताना पाच भावांची ऑर्डर एकाच्या नावाने आणि पैसे पाचही जणांचे, त्यात एकाचे तर त्याच्या मेव्हण्याच्या अकाऊंटवरून. आमचे वडील आंबे मुंबईला पाठवायचे तेव्हा दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, यायला पंधरा पंधरा दिवस लागायचे आणि तोपर्यंत सगळं शब्दावर. आपला धंदा असाच चालत आलाय, पैसे कुणी टाकले ते बघायची सवयच नाही, आले की झालं. त्या माणसाने बरोब्बर आपल्या ह्या सवयीत स्वतःला बसवून घेतलं. "स्टाफ आपापले टाकतील" हे वाक्य मला कुणी म्हटलं असतं तर मीपण हो म्हटलं असतं, खोटं कशाला बोलू.

पण आता ते रिमार्कचं. तू वाचलंस आणि सोडून दिलंस. मला वाटतं त्या क्षणी तुझ्या मनात असं आलं असेल की बाई चुकून दुसरीकडचं लिहून बसली, आणि पुढच्या मिनिटाला कुणाचा तरी फोन आला असेल, किंवा दूध उतू गेलं असेल. हे अगदी शक्य आहे. अजून एक सांगते, काजूच्या हिशोबात २,९९९ हा आकडा येतो कुठून? ९५० ने किती किलो घेतले की २,९९९ होतात? तो दुकानातल्या लेबलवरचा आकडा आहे आणि तो बारा वेळा आला. म्हणजे दोन खुणा होत्या. ह्याला निष्काळजीपणा म्हणतात आणि तो तुझ्याकडून झाला, मी गोड बोलून ते झाकणार नाही. पण निष्काळजीपणा आणि संगनमत ह्यात फरक आहे आणि तो फरक तुझ्या खरं बोलण्यावर टिकणार आहे. तो रिमार्क तुझ्या स्टेटमेंटमध्ये छापून येणार, पोलिसांना तो तू सांगायच्या आधीच दिसणार. तू म्हणालीस "मी बघितलंच नाही" आणि नंतर कुठून कळलं की बघितलं होतं, मग तुझं बाकीचं खरं पण कुणी खरं मानणार नाही. तेव्हा जबाब देताना स्वतःहून सांग. ताईंनी पैठणी लिहिलं होतं, मी वाचलं, मला वाटलं चुकून लिहिलं, मी विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. एवढंच. घरी नवऱ्याला पण सांग, आज रात्रीच, तुझ्या पत्रात त्याचं नावच नाही कुठे त्यावरून मला वाटतं त्याला अर्धंच माहितीय.

भावाचं अजिबात ऐकू नकोस. त्याचा हेतू चांगला आहे, घाबरलाय तो, पण चॅट डिलीट करणं म्हणजे तुझ्या बाजूने बोलणारा एकुलता एक साक्षीदार स्वतःच्या हाताने विहिरीत ढकलणं. ऑर्डर त्याने दिली, क्यूआर त्याने मागितला, स्टाफ पैसे टाकतील हे त्याने लिहिलं, पनवेलला पोचलं म्हणून कदाचित अंगठा पण पाठवला असेल, हे सगळं त्याच चॅटमध्ये आहे ना? आणि पुरावा नष्ट करणं हा परत वेगळा गुन्हा होतो, म्हणजे आत्ता तुझ्यावर काही नाही ते होऊन बसेल. आत्ता काय कर, त्या चॅटमध्ये जाऊन गायब होणारे मेसेज चालू असतील तर बंद कर, मग एक्स्पोर्ट चॅट करून फाईल स्वतःला ईमेल कर, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढ, त्याचा नंबर, प्रोफाईल फोटो सगळं. व्हॉइस मेसेज असतील तर ते पण सांभाळ, लोक ते विसरतात. आणि तो मोबाईल विकू नकोस, रिसेट करू नकोस, मुलाला गेम खेळायला देऊ नकोस, उद्या कोर्टात नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत, मूळ फोन किंवा ते खरे असल्याचं सर्टिफिकेट मागतात.

तो १५,००० वाला तर दुसरा चोर. अकाऊंट फ्रीज झालेल्या लोकांच्या मागे असे बरेच लागलेत, कुणी वकील म्हणून, कुणी सायबर सेलचा साहेब म्हणून, कुणी बँकेच्या हेड ऑफिसातून. पैसे घेऊन फ्रीज काढता येत नाही, ज्या पोलीस ठाण्याने लावला त्यांच्या पत्राने किंवा कोर्टाच्या ऑर्डरने निघतो. त्याचा नंबर पण लिहून ठेव, तक्रारीत टाकूया.

आता कामाला लाग. पहिलं बँक. तोंडी विचारू नकोस, अर्ज लिहून दे आणि पोच घे, शिक्का मारलेली प्रत हातात आल्याशिवाय ब्रँचमधून हलायचं नाही (मी पलीकडच्या बाजूला बसलेली बाई आहे, मला माहितीय तोंडी विचारलेलं संध्याकाळी कुणाच्या लक्षात राहत नाही). अर्जात चार गोष्टी माग. तक्रारीचे पोचपावती क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा ईमेल, आणि प्रत्येक तक्रारीत किती रक्कम लिहिलीय. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची. तू म्हणतेस दोन तक्रारी आहेत, म्हणजे २,९९९ दुणे ५,९९८. मग ६१,४०० का अडकवलेत? तेवढ्याच रकमेवर लियन मारून, म्हणजे तेवढे पैसे बाजूला रोखून ठेवून, बाकीचं खातं चालू करा अशी विनंती त्याच अर्जात लिही. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये बँकांना हेच सांगितलंय, की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली तेवढ्यापुरतंच थांबवा. ते दुसऱ्या राज्याचं कोर्ट आहे हे खरं, ब्रँच मॅनेजर म्हणेल आम्हाला लागू नाही, तरी लिहायचं, लिहिलेलं वरच्या ऑफिसात जातं. पण मनाची एक तयारी ठेव. बारापैकी दोघांनीच अजून तक्रार केलीय. बाकीचे दहा आज ना उद्या जागे होतील, त्यामुळे रक्कम ३५,९८८ पर्यंत चढू शकते. म्हणून तू आधीच एका कागदावर बाराही पेमेंट लिहून काढ, तारीख, वेळ, नाव, बारा आकडी यूपीआय रेफरन्स नंबर, रिमार्क, सगळं. नवीन तक्रार आली की दर वेळी नव्याने घाबरायचं नाही, कागदावरच्या त्या नावापुढे खूण करायची.

दुसरं पोलीस. तू पण फसलेली आहेस हे विसरू नकोस, तुझे २,०१२ गेले आणि तुझं नाव वापरलं गेलं, त्याची तक्रार तू स्वतः करायची आहे. १९३० ला फोन कर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी पोर्टलवर टाक आणि नंतर कागद घेऊन ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, सायबर पोलीस ठाण्यात जाऊन ये. वेंगुर्ल्याच्या ठाण्यात पण घ्यायला पाहिजेत, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, पण ओरोसला रोज हेच बघतात त्यामुळे अर्धं सांगेपर्यंत पुढचं त्यांना कळतं. तुझी तक्रार आधी नोंदलेली असली की बाहेरच्या राज्यातल्या अधिकाऱ्याला पाठवायला तुझ्याकडे एक नंबर असतो. मग त्या दोन ठाण्यांना ईमेल करायचा, दोनतीन परिच्छेदांत, रडगाणं न गाता, मी काजू विकते, ही ऑर्डर, हे चॅट, हे पार्सलचं, ही माझी तक्रार, तपासात लागेल ती मदत करते, विवादित रक्कम सोडून बाकी खातं मोकळं करावं. सोबत तुझा एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या नोंदणीचा कागद, काजू खरेदीची बिलं, मागच्या वर्षीचे दोनतीन मोठ्या ऑर्डरचे व्यवहार जोड. म्हणजे दिसतं की ही बाई खरंच काजू विकते, कालपरवा उगवलेली नाही.

तुला भीती वाटतेय की दोन राज्यांत हेलपाटे घालायला लागतील. नोटीस कुठल्या कलमाची आहे ते आधी बघ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर बाईला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही, असं त्या कलमातच लिहिलंय. नम्रपणे कळवायचं की माझा जबाब इथे घ्या किंवा स्थानिक ठाण्यामार्फत घ्या. कलम ९४ ची असेल तर ती कागदपत्रं मागायची, पाठवून द्यायची. पण ३५(३) ची आली तर ती संशयिताला देतात, ती कधीही बाजूला टाकायची नाही, लगेच वकिलाला दाखवायची आणि पाळायची, कारण पाळली तर सहसा अटक होत नाही, न पाळल्यावर मात्र प्रश्न येतो. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय, त्यामुळे व्हॉट्सॲपवर शिक्केबिक्के मारलेली पीडीएफ आली आणि खाली "ताबडतोब व्हिडिओ कॉलवर या" असलं काही असेल तर ती घेऊन सरळ गावच्या ठाण्यात जा आणि खरी की खोटी ते विचार. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही.

वकिलाचा खर्च कुठून करू असं तू लिहिलं नाहीयेस पण मनात असणार. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती ते विचारत नाहीत. वेंगुर्ल्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे जा, नाहीतर १५१०० ला फोन कर. खूप जणांना माहितीच नसतं, आणि ज्यांना माहिती असतं त्यांना तिथे जायची लाज वाटते, फुकटचा वकील म्हणजे कसातरी असेल म्हणून. जाऊन तर बघ. पोलीस ऐकतच नाहीत असं झालं तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे पैसे सोडवायचा अर्ज करता येतो, तो त्या वकिलाला विचार. आणि अगदीच हायकोर्टापर्यंत गेलं तरी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय, सिंधुदुर्ग त्यातच येतो, आंबोली चढून गेलं की झालं. पण मला नाही वाटत तुझं तिथपर्यंत जाईल.

एक माणूस तू विसरलीयस. काजूचा फॅक्टरीवाला. तू ४० किलो काही स्वतःच्या झाडाचे फोडून दिले नसणार, कुणाकडून तरी घेतलेस आणि त्याचे पैसे ह्याच खात्यातून गेले असणार. मग तो लेयर टू. उद्या त्याच्या खात्यावर पण लियन येऊ शकतो आणि त्याच्याकडे कामाला बायका असतील, त्यांचा पगार असेल. त्याला हे बँकेकडून कळायच्या आधी तुझ्याकडून कळू दे. जड जाईल तुला, मला माहितीय, पण आज सांगितलंस तर तो चिडेल, चहा पण विचारणार नाही कदाचित, पण पुढच्या सीझनला माल देईल. बँकेकडून कळलं तर नाही देणार. त्याच्याकडून त्या मालाचं तारीख असलेलं बिल पण घे, दोघांच्याही उपयोगाचं आहे.

आता त्या बारा जणी. (जणीच असतील असं मी धरून चाललेय.) तुझ्या मनात येतंय की आपणच त्यांना २,९९९ परत करून टाकूया आणि सुटूया. तुझ्या पत्रात "मन खातं" असं दोनदा आलंय, वर छापताना मी कापलं ते. थांब. आत्ता खात्यातून पैसे जाणारच नाहीत, आणि दुसऱ्या खात्यातून किंवा कुणाच्या फोनवरून द्यायला गेलीस तर त्याची नोंद तक्रारीत होत नाही, उद्या तेच पैसे लियनमधून परत जातील आणि तू दोनदा भरशील. शिवाय "मीच ती पैठणीवाली, माझे पैसे ह्या नवीन नंबरवर टाका" असे फोन येतील, त्यातली खरी कोण तू कशी ओळखणार? फोन आला तर शिव्या देतील, ऐकून घे, त्यांचे पण पैसे गेलेत. त्यांना शांतपणे सांग की ताई, मला पण त्यानेच फसवलंय, तुमची तक्रार केलीत का, नसेल केली तर करा, माझा तक्रार नंबर हा घ्या आणि तुमच्यात त्याचं जे चॅट असेल ते पोलिसांना द्या. त्यांच्याकडे साडीच्या पेजचं नाव आहे, तुझ्याकडे काजू नेणाऱ्याचा नंबर आणि पनवेल आहे. हे दोन्ही एका टेबलावर आले तरच तो सापडायची काही आशा आहे. तू त्यांच्यापासून लपत बसलीस तर त्याचंच फावतं.

पैसे शेवटी कुणाचे जातील, हे विचारशील. खरं सांगू? ते ३५,९८८ त्या बायकांना परत द्या अशी ऑर्डर होऊ शकते आणि मग काजू गेले ते तुझेच गेले. तू माल देऊन पैसे घेतलेस हे पण वजनदार आहे, वकील ते मांडेल, पण मी तुला होईलच असं सांगणार नाही. ३६ हजारांचा फटका बसू शकतो असं धरून पुढच्या तीन महिन्यांचा हिशोब कर. मुलाच्या फीसाठी शाळेला आत्ताच लेखी कळव की खातं अडकलंय, बँकेचं पत्र जोड. तुझ्या ओळखीच्या जुन्या गिऱ्हाइकांचे पैसे तोपर्यंत नवऱ्याच्या खात्यावर घेऊ नकोस, तो मोह होईल, पण एका घरातली दोन्ही खाती अडकली तर चूल कशावर पेटवणार. आत्ता रोखीत कर जमेल तेवढं, गावातलं, बाजारातलं. पुढे फ्रीज उठला की धंद्याचं करंट अकाऊंट वेगळं काढ, घरखर्चाचे पैसे त्यात ठेवायचेच नाहीत.

आणि मोठी ऑर्डर आली की ज्याच्या नावाचं बिल त्याच्याच खात्यातून पैसे, एवढं एक ठरवून टाक. सोसायटीवाले कुरकुरतील, आमच्यात आठ जण आहेत म्हणतील, मग आठ बिलं कर की, आठ नावं आणि आठ फोन नंबर घे, एकेकाला एक मेसेज टाक, "काजूचे पैसे मिळाले, धन्यवाद." नुसता एवढा मेसेज त्या बारा जणींपैकी एकीला जरी गेला असता ना, तिने उलट विचारलं असतं, कसले काजू, मी तर पैठणी घेतलीय.

सासूबाईंचं मात्र मला जरा वेगळं वाटतं. "तुका सांगलेलंय" म्हणतात ते तुला टोचतंय, टोचणारच, पण त्या रोज म्हणतायत म्हणजे रोज त्यांच्या डोक्यात तेच चाललंय. घाबरल्यात त्या. गावात कुणी काय बोललं ते त्यांच्या कानावर आधी येतं, तुझ्या नाही. त्यांना ओरोसला बरोबर घेऊन जा. खरंच सांगते. पोलीस ठाण्यात सून काय बोलते ते त्यांनी एकदा स्वतः ऐकलं की वाडीत उत्तरं द्यायला त्याच पुढे होतील, आणि तुझ्यापेक्षा जोरात देतील.

राहिली ती पार्सलची पावती. तू लिहिलंयस ती "डब्यातबिब्यात असेल कुठेतरी." ती आज शोध, हे वाचून झाल्या झाल्या. त्याच्यावर गाडीची तारीख, पार्सल नंबर आणि घेणाऱ्याचा फोन नंबर असतो. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात जाऊन पनवेलला माल कुणाच्या सहीने सुटला ते रजिस्टर बघायला माग, आणि तिथे कॅमेरा असेल तर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग जपून ठेवा असं लेखी देऊन ये, कारण ते थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि दिवाळी होऊन आता महिना होत आला. पावती नाहीच सापडली तर ज्या पोराने पार्सल गाडीत चढवलं त्याला गाठ, तो रोज त्याच थांब्यावर असतो, त्याला एवढे मोठे खोके नक्की आठवत असतील.